जिन्याखालच्या अंधाऱ्या खोलीचा थाट

घर बांधायला काढलं, की ओटा किती उंच हवा, देवघर कुठल्या दिशेला, कपाटं किती खोल, याचा गृहिणी अगदी बारीक विचार करते. तरीही घर पुरं झाल्यावर एक खण उरतोच. कधी तो जिन्याखाली असतो, कधी ओसरीच्या टोकाला, तर कधी जुनं माजघर आणि नवा स्लॅब यांच्या सांध्यात. तीन फूट रुंद, पाच फूट लांब, खिडकीचा पत्ता नाही, दिवसासुद्धा दिवा लावल्याशिवाय हात दिसत नाही. मग तिथं काय जातं? मोडकी सायकल, गळकी घागर, रद्दीचे गठ्ठे आणि गेल्या दिवाळीचा आकाशकंदील. एकदा गेलेली वस्तू तिथून बाहेर म्हणून येत नाही.

मैत्रिणींनो, याच खणाची एक देखणी, उपयोगी खोली होते. पाहुण्यांनी हातपाय धुवावेत, गरज असेल तर मोकळं व्हावं, आरशापुढं उभं राहून पदर आणि केस सारखे करावेत, एवढ्यापुरती छोटीशी खोली. शहरातले आर्किटेक्ट हिला ‘पावडर रूम’ म्हणतात. हल्ली तर ती मुद्दाम गडद, अंधारलेली ठेवायची फॅशन आहे. अंधार आपल्याकडे आधीच आहे. तो विकत आणायला नको. त्याला फक्त वळण लावायचं आहे.

पावडर कुठली नि खोली कुठली?

नाव ऐकून हसू येईल, पण त्यामागे खरीच पावडर आहे. अठराव्या शतकात युरोपातली मोठी माणसं केसांचे टोप घालत आणि त्यांवर स्टार्चची पांढरी भुकटी उडवीत. ती घरभर पसरू नये म्हणून एक लहान खोली वेगळी ठेवलेली असे. पुढं इंग्लंडात १७९५ मध्ये या भुकटीवर सरकारनं करच बसवला, वर्षाला एक गिनी! हळूहळू टोप गेले, भुकटी गेली, खोलीचं नाव तेवढं उरलं. विसाव्या शतकात बायकांच्या प्रसाधनगृहाला सभ्यपणे म्हणायचा शब्द म्हणून ते रूढ झालं.

आपल्या आज्यांना एवढी खोली लागत नव्हती, त्यांची फणेरपेटी पुरे होती. झाकणाला आतून आरसा, खणात फणी, कुंकवाचा करंडा आणि मेणाची डबी. आधी मेणाचं बोट टेकवायचं, मग त्यावर कुंकू. माजघराच्या अर्ध्या उजेडात, भिंतीकडं तोंड करून हे सगळं पाच मिनिटांत उरकायचं, कारण चूल वाट बघत असायची. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात कधी गेलात तर अशा पेट्या, करंडे आणि पाय घासायच्या नक्षीदार वज्र्या जरूर पाहा. रोजच्या वापरातल्या वस्तूवरही मोर नि हत्ती कोरणारी आपली माणसं होती.

अंधाराशी आपली जुनी ओळख

जालना जिल्ह्यातल्या जाफ्राबाद तालुक्यातलं टेंभुर्णी हे गाव घ्या. (पुणे-सोलापूर रस्त्यावरची टेंभुर्णी वेगळी.) टेंभुर्णी हे नाव मुळात एका झाडाचं. याच्या पानांच्या विड्या वळतात, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण हे झाड आबनूसाच्या कुळातलं, आणि त्याच्या शास्त्रीय नावातल्या ‘मेलॅनॉक्झायलॉन’ या शब्दाचा अर्थच ‘काळं लाकूड’. काळेपणातही देखणेपण असतं, याची साक्ष नावातच आहे.

या भागातली जुनी घरं बघा. हात-दीड हात जाडीच्या मातीच्या नाहीतर दगडमातीच्या भिंती, वर मातीचं धाबं, खिडक्या अगदी मोजक्या. उजेड यायचा तो धाब्याला ठेवलेल्या झरोक्यातून. वैशाखात बाहेर डोळे दिपवणारं ऊन, आणि उंबरा ओलांडून आत आलं की डोळ्यांवर गार पाण्याचा हात फिरल्यासारखं वाटायचं. तो गारवा त्या अंधाराचाच असे. आता धाब्याच्या जागी स्लॅब आला, भिंती नऊ इंचांवर आल्या, ट्यूबलाइट लागल्या आणि घर लख्ख झालं. लख्ख झालं हे चांगलंच झालं. पण सगळीकडे सारखाच पांढरा उजेड असला की डोळ्याला विसावा उरत नाही.

शृंगार हा काही या मातीला परका नाही. शेजारच्या भोकरदनला १९७३ साली उत्खनन झालं. तिथं सातवाहन काळातली एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. तशाच घडणीची मूर्ती धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला सापडलेली आहे, आणि थेट इटलीतल्या पाँपेईलाही, १९३८ साली! पाँपेई शहर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं. म्हणजे मूर्ती त्याआधीच समुद्रापार गेली होती. पाँपेईची ती मूर्ती आरशाची मूठ असावी असं आधी मानलं गेलं. पुढं काही अभ्यासकांनी ती छोट्या टेबलाचा पाय असावी असं म्हटलं. आरसा म्हणा की टेबल, दोन्ही शेवटी प्रसाधनाच्या खोलीतच शोभणारे! आणि अजिंठ्याला सतराव्या लेण्यात हाती आरसा धरून शृंगारात रमलेली राजकन्या आहे, तीही लेण्याच्या अंधारातच.

तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “अगं, भिंतीला काळा रंग? शुभ नाही ते!” तर त्यांना हळूच सांगा, “आई, मंगळसूत्रातले मणी कुठल्या रंगाचे?” संक्रांतीला आपण हौसेनं चंद्रकळा नेसतोच की.

चंद्रकळेचा धडा

रंग ठरवताना ही चंद्रकळाच डोळ्यांपुढं ठेवा. साडीचं अंग काळं, पण काठ उठून दिसतो, म्हणून ती खुलते. खोलीचंही तसंच. भिंती गडद ठेवा: मोरपंखी, वांगी, गर्द हिरवा, काजळी निळा, नाहीतर तापलेल्या विटेचा तांबडा. पण यातला एकच रंग निवडा आणि तो चारी भिंतींना, छताला आणि दाराच्या आतल्या बाजूलाही द्या. छत पांढरं सोडलं की खोलीवर झाकण ठेवल्यासारखं दिसतं. सगळीकडे एकच रंग असला की कोपरे नजरेला सापडत नाहीत आणि तीन फुटांची खोली तीन फुटांची वाटत नाही.

मग काठ हवा. तो पितळेचा नाहीतर तांब्याचा. माळ्यावर पडलेलं घंगाळ खाली काढा. तळाला भोक पाडून, जोडणी करून चांगल्या कारागिराकडून त्याचं बेसिन करून घेता येतं. भोक पाडायला जीव होत नसेल, तर घंगाळ तसंच ठेवून त्यात हात पुसायचे स्वच्छ पंचे घड्या करून ठेवा. एक पितळी तांब्या, एक जुनी फणेरपेटी, बस्स. चार वस्तू मांडल्या की शोभा आणि दहा मांडल्या की भांड्यांचं दुकान! जुन्या पैठणीचा काठ फ्रेम करून लावायची हौस असेल तर नळापासून दूर लावा. ओल लागली की जर काळी पडते.

उजेड कुठून यावा?

गडद भिंत तिच्यावर पडलेला बहुतेक उजेड पिऊन टाकते; पांढरी भिंत तो परत फेकते. म्हणून अशा खोलीत छताच्या मधोमध एक दिवा लावून भागत नाही. डोक्यावरच्या दिव्यानं डोळ्यांखाली आणि हनुवटीखाली सावल्या पडतात आणि तरुण मुलगीही आजारी दिसते. आरशाच्या दोन्ही बाजूंना, डोळ्यांच्या उंचीवर, पाच-पाच वॉटचे दोन एलईडी लावा. दिवा पिवळसर घ्या. खोक्यावर ‘२७०० के’ किंवा ‘३००० के’ लिहिलेलं असतं. त्याच खोक्यावर ‘सीआरआय’ असा आकडा छापलेला असेल तर तो ९० किंवा त्याहून जास्त बघा. तो जितका शंभराच्या जवळ, तितका कुंकवाचा आणि साडीचा रंग खरा दिसतो.

आरसा हात आखडून घेऊ नका. बेसिनवरची पूर्ण रुंदी व्यापेल एवढा मोठा असू द्या. छोट्या खोलीला तो दुसरी खोली जोडून देतो. मात्र दार उघडताच बैठक आरशात दिसेल, अशा जागी तो नको.

वीज आणि पाणी शेजारी येतात, तिथं काटकसर करायची नसते. बटणं बाहेरच्या भिंतीवर घ्या, अर्थिंग नीट करून घ्या आणि शॉक बसताच वीज तोडणारं ३० मिलिअँपियरचं आरसीसीबी बसवा. घरी इन्व्हर्टर असेल तर या खोलीचा दिवा त्यावर घ्यायला वायरमनला विसरू देऊ नका. खिडकी नसलेल्या खोलीत वीज गेली तर आतल्या माणसाची काय अवस्था होते, हे वेगळं सांगायला नको.

अंधार चालेल, वास चालणार नाही

जपानी लेखक तानिझाकी यांनी १९३३ साली सावल्यांच्या सौंदर्यावर एक निबंध लिहिला. त्यात जुन्या जपानी घरांतल्या अंधाऱ्या शौचकूपांचीही त्यांनी तोंडभरून तारीफ केली आहे. पण तिथं मंद उजेडाच्या जोडीला कमालीची स्वच्छता अपेक्षित होती. अस्वच्छ अंधाराला कुणी सुंदर म्हणत नाही.

खोलीला बाहेरची भिंत असेल तर सहा इंची एक्झॉस्ट पंखा बसवा. त्याचं तोंड उघड्या हवेत निघालं पाहिजे, माजघरात किंवा माळ्यावर अजिबात नको. दाराखाली अर्धा-पाऊण इंच फट ठेवा. आत हवा शिरायला वाट नसेल, तर पंखा नुसता भुणभुणतो. बाहेरची भिंतच नसेल तर पाइपानं हवा वर गच्चीपर्यंत काढावी लागेल. तेही जमण्यासारखं नसेल तर तिथं शौचालय करू नका, नुसती आरशाची खोली करा.

आता एक युक्ती, जी गवंडी सहसा सांगत नाही. मोरीच्या जाळीखाली जो ट्रॅप असतो, त्यात पाणी साठून राहतं. गटारातला वास तेवढं पाणीच अडवतं. पाहुण्यांची खोली महिना महिना वापरात नसते. आपल्या मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात ते पाणी आटतं, मग बाई फिनेलच्या बाटल्यांवर बाटल्या ओतते आणि वास काही जात नाही. उपाय फुकटचा आहे. दर आठवड्याला ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी ओता. गावाला जाणार असाल तर पाण्यावर चमचाभर गोडेतेल सोडा; तेलाचा तवंग पाण्याला उडू देत नाही. जाळी घट्ट बसणारी हवी, म्हणजे झुरळ वर येत नाही. आणि अंधाऱ्या, गार कोपऱ्यात विंचवालाही बरं वाटतं, तेव्हा फटी बुजवा आणि पायपुसणं उचलून झटकत जा.

जुन्या मातीच्या भिंतीवर ऑइलपेंट मारायचा मोह आवरा. भिंतीतल्या ओलीला बाहेर पडायला वाट राहत नाही आणि वर्षाच्या आत पोपडे निघतात. तिथं चुना आणि गेरूच बरा, तो ओल सोडून देतो. चुन्यात कालवलेला रंग वाळल्यावर फिका पडतो, एवढं लक्षात ठेवा. पाणी मात्र मातीच्या भिंतीलगत घेऊच नका. नळ, बेसिन, बैठक पक्क्या बांधकामाच्या बाजूला घ्या आणि जुन्या बाजूला आरसा, पाट नि पेटी ठेवा.

मापं आणि मांडणी

शौचालयाला निदान तीन फूट रुंदी लागतेच. पाच फूट लांबी मिळाली की छोटं बेसिनही बसतं. जिन्याखालची तिरपी जागा असेल तर कमोडची पाठ उताराच्या बुटक्या बाजूला करा. मात्र उठून उभं राहण्याच्या जागी साडेसहा-सात फूट उंची मोजून घ्या, नाहीतर प्रत्येक पाहुण्याच्या कपाळाला टेंगूळ येईल. दार बाहेर उघडणारं ठेवा. आत कुणाला भोवळ आली आणि माणूस दाराला टेकून पडला, तर आत उघडणारं दार बाहेरून ढकलता येत नाही.

फरशी गुळगुळीत नको. खरबरीत कोटा, शहाबादी किंवा मॅट टाइल घ्या, आणि भिंतीपेक्षा एक छटा उजळ घ्या. म्हाताऱ्या माणसांना गडद खोलीत पायरी दिसत नाही. उंबऱ्यावर फिक्या दगडाची एक पट्टी बसवली की काम होतं. बसून उठताना धरायला एक दांडी लावा. सासऱ्यांना ती आज लागेल, आपल्याला उद्या.

बोअरचं पाणी जड असेल तर गडद टाइलवर पांढरे डाग लगेच दिसतात. पाणी वाळायच्या आत कोरड्या फडक्यानं पुसणं हाच खरा उपाय. टाइलवर डाग पडलेच तर लिंबू किंवा व्हिनेगर चालेल. कोटा-शहाबादीवर मात्र आंबट काही लावू नका, दगड खाल्ला जातो. आणि एक गोष्ट कामवाल्या बाईंनाही आवर्जून सांगा: अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र वापरायची नाही. दोन्ही मिसळली की क्लोरीनचा विषारी वायू निघतो, आणि अशा बंद लहान खोलीत तो जिवावर बेतू शकतो.

पाण्याचा हिशेबही आधीच मांडा. १९७२ चा दुष्काळ आपल्या आयांनी पाहिला, २०१२-१३ चा आपण. टँकरची वाट पाहिलेल्या बाईला तांब्याभर पाण्याची किंमत सांगावी लागत नाही. जुनी फ्लशची टाकी एका वेळी दहा-बारा लिटर पाणी सोडते. दोन बटणांची टाकी छोट्या बटणाला तीन आणि मोठ्याला सहा लिटर. बसवायचीच असेल तर हीच बसवा. बेसिनचं पाणी बादलीत धरलं तर तेही बैठकीत ओतायला चालतं.

ही खोली कुणासाठी?

इतका वेळ पाहुणे, पाहुणे म्हटलं खरं. पण घरात एकच शौचालय असेल, त्याला दिवा नसेल, दार धड लागत नसेल, तर आधी तिथं खर्च करा. पुढच्या खोलीत पितळी घंगाळ झळकतंय आणि घरच्या सुनेला रात्री बॅटरी घेऊन परसात जावं लागतंय, अशा थाटाला काय अर्थ आहे?

फार जुनी गोष्ट नाही ही. महाराष्ट्रात संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान २००० साली सुरू झालं, देशात स्वच्छ भारत अभियान २०१४ साली. त्याआधी खेड्यापाड्यांतल्या किती बायकांचा दिवस अंधारानं बांधलेला होता! पहाटेच्या अंधारात जायचं, नाहीतर दिवेलागणीनंतर. मधल्या वेळात जावं लागू नये म्हणून पाणीच कमी प्यायचं. पाणी कमी पिणं आणि लघवी अडवून धरणं यानं मूत्रमार्गाच्या संसर्गाला आमंत्रण मिळतं. कितीतरी जणी ते दुखणं न बोलता सोसत आल्या. अंधार त्यांच्यासाठी सोय होता आणि भीतीही.

घरातला, दिवा-पाणी असलेला, आतून कडी लागणारा अंधार ही फार वेगळी चीज आहे. भरल्या घरात बाईला दार लावून बसता येईल अशी जागा कुठली? स्वयंपाकघराला दार नसतं, असलं तरी ते लावायचं नसतं. निजायच्या खोलीत मुलं असतात. हळदीकुंकवाला पंचवीस बायका आल्या असताना, पाळीच्या दिवशी, डोळे भरून आले आणि कुणाला दाखवायचे नसले तर, पाच मिनिटं कुठं जायचं? म्हणून या खोलीत सगळ्यांत आधी लागणारी वस्तू म्हणजे कडी. सहज लागणारी आणि घट्ट बसणारी. त्यानंतर पर्स नि ओढणी अडकवायला दोन खुंट्या, झाकणाचा कचऱ्याचा डबा, त्यात टाकायचे जुने कागद, आणि सॅनिटरी पॅडचं एक पाकीट, मागावं लागणार नाही अशा जागी. पाहुणी बाई तुमचं घंगाळ कदाचित विसरेल, हे पाकीट विसरणार नाही.

आणि पाहुणे गेल्यावर खोलीला कुलूप लावून ठेवू नका. रोज संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी पाच मिनिटं तुम्हीच तिथं जा. तोंडावर गार पाणी मारा, केसांवरून फणी फिरवा, आरशात स्वतःकडं नीट बघा. बाहेरून कुणी हाक मारलीच, तर “आले!” म्हणा; पण कडी सावकाश काढा.

गवंडी येण्यापूर्वी एवढं बघा

१. घरातलं रोजचं शौचालय आधी ठीकठाक आहे ना?
२. रुंदी तीन फूट, उभं राहायला सात फूट, दार बाहेर उघडणारं.
३. पंख्याचं तोंड उघड्या हवेत, दाराखाली फट.
४. बटणं बाहेर, अर्थिंग आणि आरसीसीबी, दिवा इन्व्हर्टरवर.
५. रंग एकच, छतालाही तोच. फरशी एक छटा उजळ.
६. आरशाच्या दोन्ही बाजूंना पिवळसर दिवे.
७. टाकी तीन-सहा लिटरची. ट्रॅपमध्ये आठवड्याला तांब्याभर पाणी.
८. कडी आतून. पैसे देण्यापूर्वी ती स्वतः लावून बघा.